मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना नांदेडहून खुले पत्र

मराठीत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांना, आणि त्या छापणाऱ्या प्रकाशकांनाही,



पत्राचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. कथा पुष्कळ झाल्या, आता आम्हाला कादंबरी हवी आहे. चांगली जाडजूड, दोन-तीन आठवडे पुरेल अशी. आणि तिच्यातल्या माणसांना शास्त्रज्ञाला प्रश्न विचारण्यापलीकडे स्वतःचा काही कामधंदा असला पाहिजे.

मी समीक्षक नाही. नांदेडला डॉक्टर लेनमध्ये माझं मेडिकल आहे. दुपारच्या ओपीडी सुटल्या की संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक नसतं. एखादा एमआर डोकावला तर डोकावला. त्या वेळात मी काउंटरमागे वाचत बसतो. आमच्या गावात राहून कादंबरीवर मत देणं तसं जोखमीचंच. इथल्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते, आणि 'धार आणि काठ' लिहून त्यांनी मराठी कादंबरीची पुरती झडती घेऊन ठेवली आहे. पण कुरुंदकर १९८२ साली गेले आणि ड्रॅगन आमच्याकडे त्यानंतर आले. तेवढ्या मुलखात मी बिनधास्त बोलू शकतो.

ड्रॅगन आणले माझ्या भाचीने. ती लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करते. मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने तिला भेटायला जातो तेव्हा आईने दिलेला डबा बाजूला राहतो आणि आधी पुस्तकांचा विषय निघतो. गेल्या वेळी विचारत होती, "मामा, सध्या काय वाचायलाव?" मी काय सांगणार, तिनेच रिबेका यारोसची 'फोर्थ विंग' माझ्या गळ्यात मारली होती. २०२३ची कादंबरी, जगभर खपलेली. एक लष्करी महाविद्यालय, तिथे ड्रॅगनवर बसायला शिकायचं, आणि जमलं नाही तर जीव जातो. भाची म्हणाली, "आमचे क्लासेसच आहेत हो हे, फक्त ड्रॅगन नाहीत." पुस्तकाबद्दल माझं मत असं, की सुरुवात झकास आहे, पाय घसरला की मेलात अशा अरुंद कठड्यावरून मुलं चालतात ते प्रकरण मी श्वास रोखून वाचलं. पुढे नायिका नायकाच्या दंडांकडे बघण्यात जी गुंतते ती गुंततेच. सगळ्या पुस्तकात डोकं ठिकाणावर असलेलं पात्र एकच, टार्न नावाचा खडूस म्हातारा ड्रॅगन. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला अभ्यासातून वेळ काढून पाचशे पानं वाचावीशी वाटली, हे मी हसण्यावारी नेणार नाही. मराठीत तिच्यासाठी या जातीचं काय आहे, असं तिने विचारलं तेव्हा मी हॅरी पॉटरचे अनुवाद सांगितले. ते तिने सहावीतच संपवलेत.

मला स्वतःला अँडी विअरची 'प्रोजेक्ट हेल मेरी' जास्त आवडली. शाळेत विज्ञान शिकवणारा एक मास्तर अंतराळयानात जागा होतो, आणि आपण कोण, इथे कसे, हे त्याला आठवत नाही. सूर्याचा प्रकाश खाणारा एक सूक्ष्म जीव पसरलाय आणि उपाय शोधण्याचं काम या मास्तरच्या गळ्यात पडलंय. पानोपानी गणितं आहेत, पण कुठेही कंटाळा येत नाही. गणित चुकलं तर तो मरणार असतो, म्हणून उत्तराची घाई त्याच्याइतकीच आपल्यालाही होते. पुढे त्याला रॉकी भेटतो. कोळ्यासारखा, दगडी अंगाचा, सुरांतून बोलणारा परग्रहावरचा कारागीर. या दोघांची मैत्री कशी जमते ते मी सांगणार नाही, वाचा. एवढंच सांगतो की विअरचं विज्ञान त्याच्या नायकाच्या हातात असतं, तोंडात नसतं.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' (२०२०) या कादंबरीचं पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडतं. उष्णतेची लाट, हवेत दमटपणा, वीज गेलेली. घाम वाळलाच नाही तर शरीर थंड होत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा ३५ अंशांवर गेला आणि तिथेच राहिला, तर धडधाकट माणूसही सावलीत बसल्या बसल्या काही तासांत जातो. त्या गावात तेच होतं. लोक तळ्यात उतरतात, तर तळ्याचं पाणीही गरम. हे मी एका मे महिन्यातल्या दुपारी वाचत होतो आणि नेमकी लाईट गेली. अशा वेळी मी आधी फ्रिजकडे बघतो. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, नाहीतर औषधाचं पाणी होतं, आणि ते डोळ्यांना कळतही नाही. फ्रिजचं दार न उघडता, इन्व्हर्टर किती वेळ दम धरेल याचा हिशोब करत मी पुढची पानं वाचली. इतकं अंगावर आलेलं प्रकरण मी अलीकडे वाचलेलं नाही. त्यानंतर मात्र पुस्तक झुरिकला जातं, आणि बराच काळ बैठकांचं इतिवृत्त वाचल्यासारखं वाटतं.

आता मला सांगा, हे पहिलं प्रकरण अमेरिकेत बसलेल्या माणसाने का लिहावं? मार्च २०१६मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, कलम १४४. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीचं शहर आणि कृष्णाकाठचं पाणी साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून. कुण्या कादंबरीकाराने हे २०१०मध्ये लिहिलं असतं तर संपादकाने अतिरंजित म्हणून परत पाठवलं असतं. झाल्यावर तरी लिहा! लेख भरपूर आले, अहवाल आले, कविताही आल्या. पण त्या रेल्वेच्या पुढची गोष्ट, म्हणजे आणखी वीस वर्षांनी ती गाडी रोजचीच झाली, तिचं वेळापत्रक ठरलं, तिच्यावर पोट असलेले लोक तयार झाले, पाऊस पडू नये असं वाटणारा एक वर्गच उभा राहिला, या गोष्टीची मी वाट बघत बसलोय.

जयंत नारळीकरांबद्दल आदरानेच बोलायला हवं, आणि तो आहेच. २० मे २०२५ला ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी 'यक्षांची देणगी' पुन्हा काढून बसलो होतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण त्या स्पर्धेने मराठी विज्ञानकथेला एक वळण लावलं आणि ते अजून सुटलेलं नाही असं मला वाटतं. स्पर्धा आणि दिवाळी अंक. 'नवल', 'धनंजय' यांनी या कथा जगवल्या, त्यांचे उपकार आहेतच. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथा आम्ही त्या अंकांतूनच गोळा केल्या. लोंढ्यांच्या 'दुसरा आईनस्टाईन'सारखी कथा तर कुठल्याही भाषेत उठून दिसेल. पण दिवाळी अंकाच्या पानांत एक कल्पना मावते, एक धक्का मावतो. माणूस मावत नाही. त्याची बायको, कर्ज, शेजारी आणि जात तर मुळीच मावत नाही. म्हणून मग कथेत एक शास्त्रज्ञ असतो, त्याचा एक पत्रकार मित्र असतो, आणि मित्र विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" पुढची तीन पानं शास्त्रज्ञ बोलतो.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही माझी नारळीकरांची सर्वांत आवडती कथा. इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' म्हणून ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही होती. मराठे पानिपत जिंकले असते तर, असा डाव. गंगाधरपंत रेल्वेने पुण्याहून मुंबईला निघतात, वाटेत इंग्रजांच्या हद्दीचं ठाणं लागतं, गणवेशातला माणूस परवाने तपासतो. त्या चार ओळींत एक अख्खं वेगळं जग उघडतं! मला त्या डब्यातून उतरावंसंच वाटत नव्हतं. आणि कथेचा शेवट? एक मित्र गंगाधरपंतांना समोर बसवून पुंजभौतिकी समजावून सांगतो. नारळीकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या, 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस'. तरी तो रेल्वेचा डबा त्यांनी तिथेच सोडून दिला याची हळहळ मला अजून वाटते.

भयकथाकार नारायण धारपांचं उलटं होतं. त्यांनी स्टीफन किंगकडून सरळ उचललं, 'लुचाई'चं मूळ कुठलं हे आता लपलेलं नाही. पण उचललेलं भूत ते आपल्या वाड्यात आणून असं बसवायचे, की ते इथलंच वाटायचं. कडीकोयंडा, माजघर, कंदिलाची काच, ओलसर भिंतीचा वास. विज्ञानकथाकारांनी कल्पना स्वतःच्या आणल्या, आणि घर मात्र असं दाखवलं की ते पुण्यात आहे की पासाडेनात हेच कळू नये.

लागोपाठच्या दोन साहित्य संमेलनांचे अध्यक्ष आठवा. २०२१ला नाशिकला नारळीकर, आणि एप्रिल २०२२ला आमच्या उदगीरला भारत सासणे. एक विज्ञानकथेचे, आणि दुसरे ज्यांच्या कथांत स्वप्नं, गूढ आणि विचित्र योगायोग घर करून असतात असे. हा प्रवाह मराठीच्या मुख्य मांडवात आला म्हणायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. मी उदगीरला गेलो होतो. उन्हात ग्रंथदालनात फिरत विज्ञान कादंबऱ्या कुठे आहेत असं विचारत होतो. एका स्टॉलवरच्या मुलाने बालवाङ्मयाकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने 'मनोरंजक प्रयोग' हातात दिलं. त्या पोरांचा काय दोष? त्यांच्याकडे जे येतं तेच ते विकणार. प्रकाशकांनी हे मनावर घ्यावं. सध्या अद्भुत म्हणून जे येतं ते बहुतेक देवांना नव्याने सैनिकी गणवेश घालून आलेलं असतं. 'मेलुहाचे मृत्युंजय' मीही वाचली, भराभर वाचली, आणि महिन्याभरात त्यातलं काही डोक्यात राहिलं नाही. त्याच सुमारास मुग्धा कर्णिकांनी टॉल्किनचा 'स्वामी मुद्रिकांचा' मराठीत आणला. सुरुवातीला मला दम लागला हे खरं. पण ती मंडळी मोरियाच्या खाणीत शिरली आणि मी अनुवाद वाचतोय हे विसरलो. एवढ्या मोठ्या कामाचा गाजावाजा किती झाला? माझ्या ओळखीतल्या चार वाचकांतल्या तिघांना ते पुस्तक आहे हेच ठाऊक नव्हतं.

लिउ त्सिशिन या चिनी लेखकाची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' मराठीत कुणीतरी आणावी असं फार वाटतं. केन लिउंच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पात्रं कागदी आहेत, संवाद लाकडी आहेत. तरीही मी ती खाली ठेवली नाही, आणि त्याचं कारण पहिलंच प्रकरण. सांस्कृतिक क्रांतीत एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भर सभेत, त्याच्या मुलीच्या डोळ्यांदेखत, शाळकरी पोरी मारून टाकतात. सापेक्षता शिकवणं हाही त्याचा एक गुन्हा. चिनी पुस्तकात ही प्रकरणं सेन्सॉरच्या धाकाने मधे सरकवली होती, इंग्रजीत ती पहिल्या पानावर आली. पुढे ती मुलगी आकाशाकडे तोंड करून जे काही करते ते का करते, याचं उत्तर त्या सभेत आहे. म्हणजे परग्रहवासीयांची गोष्ट सांगताना लेखकाने सुरुवात कुठून केली, तर आपल्याच मुलखाच्या सर्वांत दुखऱ्या जागेपासून.

आमच्या मुलखाकडे अशा जागा आहेत. एक करोडगिरीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निजामाच्या राज्यात जकातीचं खातं करोडगिरी. राज्याच्या सीमेवर नाके, सामानाची झडती, आणि खिशात हाली शिक्का. इंग्रजी रुपया वेगळा. १३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ला सगळं संपलं. समजा संपलं नसतं. १९४७चा जैसे थे करार वर्षावर्षाने वाढत गेला असता, आणि आज नांदेड आणि लातूर हे एका स्वतंत्र हैदराबादचे जिल्हे असते, तर? हा प्रश्न राजकारण्यांना भाषणापुरता सुचतो. मला त्यातला तपशील हवा आहे. उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत, त्यासाठी खास भाषांतराचं खातं होतं, दार-उल-तर्जुमा. त्या जगात माझ्या मेडिकलची पाटी उर्दूत असती, प्रिस्क्रिप्शन मी उजवीकडून डावीकडे वाचलं असतं, आणि लातूरच्या हुशार पोरीने अणुभौतिकी उर्दूतून शिकून सोलापूरला जायला परवाना काढला असता. रझाकार त्या जगात कोण असते, मंत्री की फरार? अभ्यासाचा लातूर पॅटर्न कुणासाठी तयार झाला असता? गंगाधरपंतांचा जो डबा सरहद्दीवर थांबला होता, तो इथून पुढे नेता येतो. पण यासाठी चारशे पानं लागतील, आणि जुन्या माणसांत बसावं लागेल.

दुसरी जागा नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे, केंद्राने एप्रिल २०२३ला २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसर. कुठेतरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याने अवकाश जे किंचित ताणलं गेलं ते मोजायचं. आणि किंचित म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी कमी. त्याच जिल्ह्यात वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे. तिथे वर्षानुवर्षं जमिनीखालून आवाज येतात. भांडी वाजतात, लोक अंगणात येऊन उभे राहतात. २०२४ला मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये तर ४.५चे धक्के बसले, नांदेडलाही आम्ही घराबाहेर पळालो. ज्यांनी १९९३चा किल्लारीचा भूकंप पाहिलाय त्यांना पुन्हा झोप लागली नाही. आणि याच औंढ्याची कथा आहे की नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं.

या तीन गोष्टी एकमेकांपासून एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. यंत्राला जमिनीची थरथर नको असते, ती गाळून टाकावी लागते. गावाला नेमकी तीच थरथर कुणीतरी ऐकावी असं वाटतं. त्या यंत्राच्या नोंदींतून गावचे आवाज रोज पुसून टाकण्याची नोकरी पांगऱ्याच्याच एखाद्या मुलीला लागली तर? मी कादंबरीकार असतो तर एव्हाना रजा टाकून बसलो असतो. आणि कृपा करून त्या मुलीला पत्रकार मित्र देऊ नका. तिला एक सासू द्या, दोन एकर हळद द्या, आणि यंत्राबद्दल जे काही सांगायचं ते तिच्या कामातून कळू द्या.

'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं', विमानंही होती आणि अग्निबाणही, या छापाची कादंबरी मात्र मला पाठवू नका. तसली मी दोन पानांत ओळखतो.

सुझना क्लार्कच्या 'पिरानेसी'बद्दल लिहायचं राहिलं. फक्त दालनं, पुतळे आणि खालच्या मजल्यांत भरती-ओहोटी, आणि एक भला माणूस रोज वहीत नोंदी करतो. लहानसं पुस्तक, आणि गेल्या काही वर्षांत वाचलेल्यांत माझ्या मते सर्वोत्तम. समंथा हार्वीच्या 'ऑर्बिटल'ला २०२४चं बुकर मिळालं, त्यात सहा अंतराळवीर दिवसातून सोळा वेळा पृथ्वीला फेऱ्या मारतात आणि बाकी काही घडत नाही. लोहा ते अहमदपूर मी त्याच्यावर छान झोपलो. भाचीला ते आवडलं. आमचं यावर भांडण चालू आहे.

तर, करोडगिरीची कादंबरी कुणी खरंच हातात घेणार असेल, तर कंधारकडच्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी वडिलांच्या काळातल्या नाक्याच्या पावत्या आणि थोडी हाली नाणी आहेत. ते वाचता येणारे आजोबा अजून घरात आहेत, ऐकू कमी येतं, पण उर्दू खणखणीत वाचतात. दुपारी दोननंतर दुकानात या, मी घेऊन जातो. मे महिना तेवढा सोडा.

आपला,
डॉक्टर लेन, नांदेड येथील एक मेडिकलवाला वाचक